औंधाचं गिऱ्हाईक

औंधाच्या यमाईची आण घेऊन वरडून सांगते, ह्यातलं अक्षरबी खोटं न्हाई!

सांगलीच्या जालिंदरची सून क्रांती. तिनं सासऱ्याच्या हळदीची वेबसाईट काढली, मोबाईलवर जाहिरात दिली. सासरा म्हणाला, "आज एक तरी गिऱ्हाईक दाव, न्हाईतर बंद कर ती थेरं."

जाहिरात दाबून वेबसाईटवर कोण कुठनं आलंय, ते क्रांतीला कॉम्प्युटरच्या नकाशावर दिसायचं. आज एकच ठिपका हुता, औंधात. सारखी हळद बगत हुता, पण घेत न्हवता.

"आवं मामा, ह्यो ठिपका हालतोय बगा!"

विटा मागं पडलं, तासगाव गेलं. ठिपका मार्केट यार्डात शिरला, आन ती दोघं बसली हुती त्याच दुकानावर थांबला.

दारात नुसतं दुपारचं ऊन. माणूस न्हाई.

क्रांतीला भ्यायच्या आदी लय नवल वाटलं. "आत आलंय मामा. पण खरेदी न्हाई केली अजून."

"भाव ठरल्याबिगर कोण घेतंय?" जालिंदर हसला. जुना अडत्या त्यो, टावेलाखाली बोटं दाबून भाव करणारा. त्यानं हातावर टावेल टाकला आन रिकाम्या जागेपुढं धरला. "या पावणं, बोला."

त्याचं हसू थांबलं.

"क्रांते," त्यो हळूच म्हणाला, "बोटं दाबतंय गं. बराबर भाव सांगतंय."

कॉम्प्युटरवर उमटलं: खरेदी झाली.

जालिंदरनं झटक्यात हात मागं घेतला.

बरं बाई, एवढं एक मी पदरचं घातलं. हात काय त्याला मागं घेता आला न्हाई.