नाखव्याचा विमा

“हप्ता पुन्हा वाढलाय. यंदा बोटीचा पूर्ण विमा नकोच,” सुकाणू धरून मोरेश्वर नाखवा बायकोला म्हणाला. “माझ्या हातून तिला कधी ओरखडा तरी आलाय?”

जाळं आवरणारी कुंदा उत्तर देणार, एवढ्यात शेजारचं पाणी काळवंडलं आणि त्यातून एक पाठ वर येऊ लागली. ती संपेचना. देवमासा! त्याच्या श्वासाचे तुषार दोघांच्या तोंडावर उडाले. मग खालून जाताना त्यानं मासळीनं भरलेली बोट अलगद उचलली आणि तशीच अलगद पाण्यावर टेकवली.

नाखव्याचे हात कधी जोडले गेले, त्यालाच कळलं नाही.

“हप्ता भरून टाकू,” पुन्हा सुकाणू धरत तो पुटपुटला.

“घाबरलात?”

“हो. पण बघितलंस ना गो, किती जपून खाली ठेवलं त्यानं आपल्याला!”