लाल पेन

संगणकाच्या पडद्यावर एक गोल नुसताच फिरत होता. रिपोर्ट काही उघडत नव्हता.

ठमीने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली होती. काखेजवळ गोटीएवढी गाठ लागली होती. सुईने त्या गाठीतला तुकडा काढून तपासायला पाठवला होता. आज तो तुकडा काय ते बोलणार होता. घरी पाळण्यात सात महिन्यांचं लेकरू होतं. त्यापुढचा विचार ती मनात येऊच देत नव्हती.

शेजारी बाबा ताठ बसले होते, परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक बसतो तसे. जन्मभर पोरांना गणित शिकवलेला माणूस. छातीवरच्या खिशाला अजूनही पेन. त्या खिशाखाली नखाएवढा तांबूस डाग. आई सकाळीच कावली होती, "निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी यांचं लाल पेन गळायचं काही थांबत नाही! आता कुणाला नापास करायचं राहिलंय?" बाबा हसले होते आणि गुपचूप दुसरा शर्ट घालून आले होते. आता त्याच्यावरही डाग पडला होता. ठमीचं लक्ष गेलं तसा त्यांनी खिशावर हात ठेवला.

"येईल एवढ्यात," डॉक्टरबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "तोवर सांग, घरात याआधी कुणाला स्तनाचा कॅन्सर झाला होता?"

"आईकडे कुणालाच नाही," ठमी घाईघाईने म्हणाली. गेले कित्येक दिवस ती हेच मनाशी घोकत होती. "आजी, मावश्या, सगळ्या ठणठणीत."

"आणि वडिलांकडे?"

"वडिलांकडचं कशाला? हा आईकडूनच येतो ना?"

"अगं, निम्मी शिदोरी वडिलांची असते. रंग, नाक, उंची येते तसा हा धोकाही त्यांच्याकडून येऊ शकतो."

मग बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "माझी आई यातच गेली. मग बहीण. हिची आत्या. बहिणीने वर्षभर गाठ अंगावर काढली. कुणाला पत्ता लागू दिला नाही."

"कळलं तेव्हा कुठपर्यंत गेला होता?"

"हाडांपर्यंत म्हणाले होते."

"म्हणजे शेवटची पायरी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पहिल्या पायरीला तो जागच्या जागी असतो. मग काखेतल्या गाठींत शिरतो. त्याच्यापुढे गेला की हाडं, फुप्फुसं, यकृत. लवकर पकडला तर ऑपरेशन करतो, किरणं देतो, लागलीच तर केमो, काहींना गोळ्या. बहुतेक जण बरे होतात. शेवटच्या पायरीलाही औषधं असतात, पण तेव्हा त्याला नुसतं थोपवून धरायचं."

बाबा वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या पोरासारखे कान देऊन ऐकत होते. "आणि गाठ हाताला लागली नाही तर? दुसरं काही लक्षण?"

"कातडी ओढल्यासारखी होते. स्तनाग्र आत जातं. कधी त्यातून रक्त येतं."

"दुखतं?"

"बहुतेक वेळा नाही. तिथेच माणसं फसतात."

"दुखत नाही," बाबांनी पुन्हा म्हटलं.

"बाबा!" ठमीचा आवाज चिरकला. "तुमचा तास नंतर घ्या ना. माझा इथे जीव टांगणीला लागलाय."

तेवढ्यात फिरणारा गोल थांबला.

डॉक्टरबाई वाचू लागल्या. वरून खाली. पुन्हा वरून खाली.

"साधी गाठ आहे," त्या वळून म्हणाल्या. "कॅन्सर नाही."

ठमीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसून हमसून रडली. बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "झालं, झालं, ठमे. पास झालीस," ते म्हणाले. त्यांचेही डोळे भरून आले होते.

"पण वडिलांकडे दोघींना झालाय," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तेव्हा तुला बेफिकीर राहून चालणार नाही. सहा महिन्यांनी यायचं. तारीख लिहून घे."

"बाबा, पेन द्या. चालेल लाल असलं तरी." ठमीने नाक पुसत हात पुढे केला. बाबांनी खिशातलं पेन काढून दिलं. तिने लहानपणच्या सवयीने तळहातावरच तारीख लिहिली.

आकडे निळे उमटले.

"हे निळं कसं?"

"ते होय? शेवटच्या दिवशी पोरांनी दिलं," बाबा म्हणाले. "लाल मी तेव्हाच शाळेत टेबलावर ठेवून आलो. नव्या मास्तरांना लागेल म्हणून."

ठमीने तळहाताकडे पाहिलं. मग बाबांच्या खिशाकडे. बाबांचा हात पुन्हा तिथे गेला, पण डाग आता बोटांखाली मावत नव्हता. तो ओला होता.

"बाबा, हात काढा."

"अगं, काही नाही. बारीकसं गळू असेल. आणि हा तर बायकांचा..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्या होत्या. "सर, पुरुषांनाही होतो. क्वचित, पण होतो."

दार किलकिलं करून नर्सने आत डोकावलं. "मॅडम, पुढचा पेशंट पाठवू?"

"नको," ठमी म्हणाली आणि बाबांच्या शर्टाचं वरचं बटण काढू लागली. "पुढचा पेशंट आतच आहे."