नारिंगी ठिपका

लांबचं धूसर दिसायला लागलं, चष्म्यानंही हात टेकले. मी शिंपी माणूस. बायकोसाठी भडक नारिंगी जाकीट शिवून टाकलं. तिच्या सायकलवर ती पुढे, माझ्या सायकलवर मी त्या नारिंगी ठिपक्यामागे. “या वयातही नवरा माझ्या मागेमागे फिरतो,” म्हणून हसायची आणि मध्येच ओरडायची, “खड्डा!” ती वारली, तेव्हापासून माझी सायकल भिंतीला टेकून होती. आज हट्टानं बाहेर काढली. चौकाच्या पुढे तोच नारिंगी ठिपका दिसला. जाकीट घरी खुंटीवर आहे हे ठाऊक होतं. तरी पाय ऐकेनात. तो वळला तिथं वळलो, थांबला तिथं थांबलो. खोदकामापाशी सायकल लावत नारिंगी जाकिटातली कामगार बाई म्हणाली, “आजोबा, पुढे रस्ता बंद आहे. कुठं निघालात?” “घरीच,” मी म्हणालो. “त्या मागच्या कोपऱ्यापर्यंत जरा माझ्या पुढे चालाल? आणि खड्डा आला की तेवढं ओरडा.”