मुठीतला देव

औशात नगरपालिकेच्या निवडणुकीआधी प्रचाराला आलेल्या मन्मथअप्पांनी देवळात बायकांपुढं बेलाची परडी धरली. “वहिनी, बेल उचलून शपथ घ्या. मत आपल्याच माणसाला.” “आपला म्हंजे कोण, भावजी?” शिवकांतानं विचारलं. “आपल्या देवाचा! वर महादेव बघायलाय, ध्यानात ठेवा.” देवाचं नाव आल्यावर न्हाई कसं म्हणावं? तिनं बेल उचलला. पण विरोधात उभी होती शेजारीण रझिया. नळ कोरडे पडल्यापासून घरच्या बोअरचं पाणी अख्ख्या गल्लीला देणारी. मतदानाच्या दिवशी यंत्रापुढं शिवकांताचा हात थांबला. देवाला दिसू नये म्हणून तिनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत झाकलं आणि रझियाचं बटण शोधलं. तेवढ्यात तिला सकाळची पूजा आठवली. तिनं मूठ उघडली. “बघ बाबा,” ती हळूच म्हणाली, “रोज तुझी आंघोळ कुणाच्या पाण्यानं व्हायलीय, ठाऊक हाय न्हवं?” मग बटण दाबलं.