सकाळी दोन, संध्याकाळी दोन

येणाऱ्या नातवंडासाठी टोपी विणायचा हट्ट आजोबांचाच. आजीने आठवडाभर टाके शिकवले आणि नमुन्याची वही पुढ्यात टाकली.

"सु म्हणजे सुलट, उ म्हणजे उलट. पुढे अडलं तर विचारा."

"विचारतोय कशाला? चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलंय. डॉक्टरांची अक्षरं लावली, तिथे तुझी वही काय!"

शेवटी शेवटी वहीत नुसतंच "२ ए, २ ए" लिहिलेलं होतं. दोन ओळी, एका वेळी. डोसच की हा! आजोबांनी सकाळी दोन, संध्याकाळी दोन, अशा नेमाने ओळी विणल्या.

टोपी शिवून आजीच्या हातात आली. तिने एका टोकाला डोळा लावला, तर दुसऱ्या टोकातून आजोबा दिसले.

"अहो, दोन टाके एकत्र घ्यायचे होते! त्याशिवाय टोपी वर मिटणार कशी?"

आजोबांचा चेहरा एवढासा झाला. आजी हसत हसत खुर्चीत बसली, टोपी पायात चढवून दुखऱ्या गुडघ्यापर्यंत ओढली आणि पाय हलवून पाहिला.

"बाळाच्या टोपीचं मी बघते. तुम्ही या दुसऱ्या गुडघ्याची घ्या विणायला. डोस तोच ठेवा."