सावळारामचं राज्य

शेहेचाळीस साली सापगावच्या सावळारामने म्हशाच्या जत्रेसाठी नाटक लिहिलं. त्यातल्या देशात राजाच नव्हता. सगळा कारभार प्रजेच्या मतानं चालायचा. तालमीला नऊ गडी जमले, पण प्रजा व्हायला एकही तयार होईना.

"माझी बायको नाटक बघाया येनार," कोंडू म्हणाला. "तिच्यासमोर मी नुसता हात वर करू काय? राजा कर, नायतर मी नाय."

सावळारामने कपाळावर हात मारला आणि देशाचा कायदा बदलला. राजे नऊ झाले, प्रजा तो एकटा.

जत्रेत पडदा उघडताच नऊ तोंडांनी नऊ हुकूम सुटले. धावून धावून सावळारामला धाप लागली. शेवटी त्याने हात जोडले. "महाराज, आमी चाललो," म्हणत तो खाली उतरून लोकांत जाऊन बसला.

कोंडू राजानं बाकीच्या आठ राजांकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "आता हुकूम कोनाला सोडायचा रे?"