मध्यरेषेवरचा म्हसोबा

“पावणं, आधी चप्पल काढा,” बयाबाई म्हणाल्या.

धनपाल मगदूमांनी निमूटपणे चप्पल काढली. या दगडापुढं अनवाणी उभं राहायचं म्हणजे थट्टाच होती. एकतीस वर्षांपूर्वी तो त्यांनीच इथं पुरला होता. तेव्हा महापालिकेत नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता. पेठेतल्या या गल्लीतून रुंद रस्ता काढायचं ठरलं होतं आणि साहेबांनी मध्यरेषेवर खूण करायला सांगितली होती. धनपालनी पंचगंगेच्या काठावरचा एक बरासा दगड उचलून आणला, निम्मा जमिनीत गाडला आणि वर लाल ऑइलपेंट फासला. पुढं साहेब बदलले, रस्ता बारगळला, फाईल कपाटात गेली.

आता फाईल बाहेर आली होती आणि दगडाचा देव झाला होता. अंगावर बोटभर शेंदूर, चांदीचे डोळे, वर पत्र्याचं छप्पर. दर अमावस्येला नारळ फुटायचे. शहराच्या वारसा यादीत तर त्याला अख्खं पान मिळालं होतं: ‘प्राचीन म्हसोबा, अंदाजे तीनशे वर्षे.’ त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती, म्हणून रस्ता अडला होता. देव खरंच जुना आहे का, ते जागेवर बघून चारच्या बैठकीत लेखी द्यायचं होतं. आणि पाठवलं कुणाला, तर धनपालना. देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणतात ते हेच.

धनपालनी फॉर्म काढला. ‘जुना’ आणि ‘जुना नाही’ असे दोनच रकाने होते.

‘जुना नाही’ म्हणावं, तर दगड जाणार, रस्ता सरळ निघणार आणि त्यात या बाजूची सात घरं पडणार. दगडी जोती, सागवानी खांब, नळीची कौलं. ही घरं खरोखर शंभर वर्षांची होती. पण ‘साधी राहती घरं’ म्हणून यादीतून वगळलेली. त्यातलं पहिलं बयाबाईंचं. ‘जुना’ म्हणावं, तर रस्ता अडलेलाच राहणार, आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या दवाखान्यापर्यंत आताही रुग्णवाहिका पोचत नव्हती. मागच्याच महिन्यात एका अडलेल्या बाईला खुर्चीत बसवून लोकांनी उचलत नेलं होतं.

खोट्या देवाच्या आडोशाला खरी जुनी घरं उभी होती. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? क्षणभर त्यांना वाटलं, आपलीच काहीतरी गफलत होत असेल, हा दगड दुसराच असेल. ते खाली वाकले. बुडाशी शेंदराचा पोपडा सुटला होता आणि आत चकचकीत लाल रंग दिसत होता. तोच ऑइलपेंट. त्यांना स्वतःची लाज वाटली. दोन महिन्यांत निवृत्त व्हायचं, तर जाता जाता खोटं नको. त्यांनी ‘जुना नाही’वर पेन टेकवलं. पण बयाबाईंना न सांगता कसं लिहायचं?

“मावशी,” ते म्हणाले, “तुम्हाला वाईट वाटंल, पण ह्यो देव न्हाय. मी पुरलेला दगड हाय. रस्त्याची खूण.”

आता ही बाई सगळी गल्ली गोळा करणार, असं त्यांना वाटलं. बयाबाईंनी पणतीची वात सारखी केली.

“व्हय की,” त्या म्हणाल्या. “दारात उभी राहून बघतच हुते मी. तुमच्या हाताचा रंग निघंना, तवा घरातनं रॉकेल कुणी दिलंतं?”

धनपालना एकदम आठवलं. कडेवर पोर घेतलेली एक तरणी बाई. रॉकेलची बाटली देताना तिनं विचारलं होतं, रस्ता आमच्या घरावरनं जाणार व्हय? आणि ते मान हलवून पुढं निघून गेले होते.

“मग तवाच उपटून का न्हाय टाकला?”

“उपटला असता, तर तुम्ही दुसरा पुरला असतासा,” बयाबाई म्हणाल्या. “म्हणून शेंदूर लावला.”